डाव्या हाताची चार रिळं

सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि हवा आत आली. एवढंच. ज्यांनी इथले उन्हाळे काढलेले नाहीत त्यांना यात सांगण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. एप्रिलपासून आम्ही ते दार उघडतो ते कपडे वाळत घालायला आणि काढायला, आणि उघडलं की लगेच लोटून देतो. काचेला हात लागला तरी पोळतो. मग ऑक्टोबर सरता सरता एक दिवस असा उजाडतो की बाहेरची हवा अंगावर धावून येत नाही. मी एसीचा रिमोट उचलून ड्रॉवरमध्ये टाकते. दुबईतल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या निम्म्या बायका त्या दिवशी तेच करत असणार. एसींची घरघर थांबली की कळतं, या इमारतीत माणसं राहतात. वरच्या घरात कुणी तरी गाण्याचा क्लास लावलाय, खालच्या घरात लसूण परतला जातोय, आणि समोरचा मुलगा आईवर इंग्रजीत वैतागलाय.

तेवढ्यात फोनवर सावंतांचा मेसेज आला. 'वहिनी, बंदी उठली.'

बंदी सुरमईवरची. इथले लोक तिला कनाद म्हणतात. उन्हाळ्याच्या शेवटी तिचे अंडी घालायचे दिवस असतात, तेव्हा तिला धरायचं नाही, असा इथला नियम. हवा फिरली की नियमही उठतो. कुणाचा ऋतू मोगऱ्याने येतो, कुणाचा आंब्याने. माझा एका मालवणी माणसाच्या मेसेजने येतो, त्याला मी काय करू.

खरं तर मी देशावरची, कोरेगावची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, आणि समुद्र म्हणजे शाळेची सहल. मासा माझ्या ताटात आला तो लग्नानंतर, वेंगुर्ल्याच्या सतीशबरोबर. आला तोही काटे काढून आला, कारण मला काढता यायचे नाहीत. दुबईत आल्यावर सतीश शनिवार शनिवार मित्रांबरोबर मासे धरायला जायचा आणि मी घरी बसून बडबड करायची, अशी आमची वाटणी होती. रिळ, गळ, तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, हे शब्द मला हॉलमध्ये पाय अडखळून माहीत झालेले. मग ते एक वर्ष आलं. आज सकाळी दार उघडलं तेव्हा हवेबरोबर तेच आधी आत आलं.

त्या वर्षी जूनमध्ये सतीशला स्ट्रोक आला. ऑफिसात, मीटिंगमध्ये, बोलता बोलता. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. डॉक्टरांनी, औषधांनी आणि देवाने मिळून बरंचसं परत दिलं. पाय आला, जरा ओढत का होईना. तोंड सरळ झालं. शब्दही आले, असं स्पीच थेरपीवाली मुलगी मला पुन्हा पुन्हा सांगायची. "वर्ड्स हैं आंटी, अंकल यूज नहीं करते." उजवा हात मात्र खांद्यापासून नुसता लटकला. उचलला तर उचलायचा, पण बोटं मिटायची नाहीत.

आणि माझा नवरा सभ्य झाला. ही गोष्ट मी कुणाला सांगितली तर लोक हसायचे, म्हणायचे, मग बरंच की. सतीश म्हणजे आमटीत गूळ जास्त पडला म्हणून बोलणारा, मी गाडी तिरकी लावली म्हणून बोलणारा, टीव्हीवरच्या बातमीदाराशीसुद्धा हुज्जत घालणारा माणूस. आता पाणी दिलं की थँक यू. गोळी दिली की थँक यू. एकदा माझ्या हातून आमटी खारट झाली, अगदी तोंडात घालवेना अशी. मी मुद्दाम समोर बसून राहिले. तो हळूहळू डाव्या हाताने चमचा तोंडाकडे नेत होता. म्हणाला, "छान." मी आत जाऊन नळ सोडून रडले.

मार्चमध्ये रेवाची, आमच्या मुलीची, परीक्षा झाली की पुण्याला जायचं, असं त्याने ठरवून टाकलं. कंपनीने जागा राखून ठेवली होती, तरी. "तिथे काय करायचं?" मी विचारलं. तो म्हणाला, "बसू." बावन्न वर्षांचा माणूस. मला तोवर तो जाईल याची भीती वाटली होती, ती सरली होती. आता भीती वाटत होती ती तो असाच राहील याची. आपल्याच घरात पाहुण्यासारखा, कुणाला त्रास नको म्हणून अंग चोरून बसलेला. त्या भीतीला औषध कुठल्या फार्मसीत मिळणार.

ऊद मेथाच्या ज्या शाळेत मी ऑफिसात आहे, तिथे ऑक्टोबरात पालक स्वेटरच्या साइझा विचारायला येतात. बाहेर तेहतीस डिग्री असतं आणि लोक स्वेटर विचारतात. पूर्वी मला हसू यायचं. आता वाटतं, माणसाला थंडीची आशा लागते ती थंडीच्या कितीतरी आधी.

सप्टेंबरच्या शेवटी सतीशचे दोघे मित्र घरी आले. इक्बालभाई दाभोळचे, हमरिया फ्री झोनमध्ये स्टोअर सांभाळतात. बोट त्यांच्या अरबाबाची, म्हणजे मालकाची. म्हाताऱ्या अरबाबाला आता समुद्र झेपत नाही, आणि बोट उभी राहिली की सडते, म्हणून त्याने ती इक्बालभाईंच्या हवाली केलेली. सावंत त्याच झोनमध्ये वेल्डिंगचे फोरमन. बायकामुलं मालवणला आणि स्वतः कंपनीच्या खोलीत. दोघे सोफ्याच्या कडेवर बसले, जसे लोक आजाऱ्याच्या घरी बसतात.

इथे मला त्यांच्या बोटीची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बोटीच्या मागच्या कडेला चार खोबणी, त्यांत चार रॉड उभे. प्रत्येकाच्या गळाला जिवंत छोटा बांगडा. दोन दोरे जवळ, दोन लांब सोडायचे आणि बोट इतकी हळू चालवायची की काठावरून म्हातारा माणूसही बरोबरीने चालेल. हातात काही धरायचं नाही. मासा लागला की रिळ करकरतं. पण मासा कुठल्या रॉडला लागेल याचा नेम नाही, आणि त्यावरून पूर्वी सावंत आणि इक्बालभाई महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते म्हणे. तेव्हापासून नंबर. रॉड कुठलाही वाजू दे, ज्याचा नंबर त्याचा मासा. त्यानेच जायचं, त्यानेच ओढायचा. बाकीच्यांनी उरलेले तीन दोरे झरझर गुंडाळून घ्यायचे, नाहीतर सगळ्यांचा गुंता होतो. आणि नंबरवाल्याने "धर" म्हटल्याशिवाय त्याच्या रॉडला बोट लावायचं नाही. हा नियम मोडला तर बोटीतून उतरवतील, इतका कडक.

"शनिवारी येतोस ना?" इक्बालभाईंनी विचारलं.

सतीशने मान हलवली. "नंबर नको."

अडचण खरी होती. त्यांच्या रिळांची मूठ उजव्या बाजूला, जशी बहुतेक सगळ्यांची असते. उजव्या हाताने फिरवायची. सतीशचा तोच हात गेलेला. इक्बालभाई म्हणाले, "तुझ्यासाठी एक डाव्या हाताचं घेऊ. एक रॉड तुझाच. त्याला लाल टेप लावू."

सतीशने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "वेगळं ताट नको." आणि जरा थांबून, "मासा टेप बघून लागतो?" आणखी थांबून, "चारही डावी. मग येतो."

लग्नाची इतकी वर्षं मी त्या चेहऱ्यासमोर काढली होती. मला लगेच कळलं की ही अट नव्हती. पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावायचा तो प्रकार होता. डाव्या हाताची चार रिळं, तीही परवडतील अशी, मिळणार नाहीत हे त्याला पक्कं माहीत होतं. कोण आपली चांगली चार रिळं काढून ठेवेल आणि एका माणसासाठी उलट्या हाताने मासे धरेल?

सावंत मात्र सरळ माणूस. त्यांनी ते ऑर्डर घेतल्यासारखं घेतलं. "चार म्हणजे चार," म्हणाले. मी मनात म्हटलं, बघतेच आता.

त्यानंतरचे दोन आठवडे मी रिळांशिवाय दुसरं काही केलं नाही. शाळा सुटली की सावंतांबरोबर देरा, शनिवारी शारजा, मासळी बाजारामागच्या दुकानांच्या रांगा. दुकानं कसली, छतापासून लोंबणारे रॉड आणि काचेखाली दागिन्यांसारखी मांडलेली रिळं. जिथे जावं तिथे तेच. "लेफ्ट? लेफ्ट कौन लेता है, मॅडम?" मोठ्या कंपन्यांची डाव्या मुठीची होती, पण एकाच्या किमतीत घरचा फ्रिज आला असता, आणि आम्हाला हवी होती चार. एका दुकानात फिरकीची रिळं दाखवली, ज्यांची मूठ काढून हव्या त्या बाजूला लावता येते. मला वाटलं, झालं काम. सावंतांनी मान हलवली. ते रिळ काठीच्या खाली लोंबतं, फिरवताना वरून काठी दाबून धरायला दुसरा हात लागतो. आपल्याला हवं ढोलाचं, काठीच्या वर बसणारं, खोबणीत रॉड ठेवूनच एका हाताने फिरवता येईल असं.

मी शिकत गेले. स्वस्त रिळ घेताना काय बघायचं हे आता मला झोपेतही विचारा. अंग काळ्या फायबरचं असावं, खारं पाणी त्याला खात नाही. चकचकीत दिसलं की भुलायचं नाही. ब्रेक आवळून दोरा हाताने ओढून बघायचा. दोरा एकसारखा सुटला तर ठीक, हिसके देत सुटला तर तो मोठ्या माशाच्या वेळी तुटणार. मूठ तळव्यात भरेल एवढी हवी. करकर मोठी हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चारही एकसारखी हवीत, म्हणजे घाईत हाताला शोधावं लागत नाही. चार साधी पण सारखी रिळं एका भारी रिळापेक्षा बरी. सावंत डोळे मिटून, रिळ कानाला लावून मूठ फिरवायचे. मीही तसंच करायला लागले. रेवाने एकदा बघितलं आणि म्हणाली, "आई, यू लुक लाइक अ डॉक्टर." मी म्हटलं, "गप्प बस, ऐकू दे."

मिळाली ती शारजात, अगदी कोपऱ्यातल्या एका दुकानात. शाजी नावाच्या मल्याळी माणसाचं दुकान. त्याने माळ्यावरून धुळीने माखलेली खोकी काढली. कधी तरी चुकून आलेला माल, कुणी घेतला नाही म्हणून पडून होता. कंपनीचं नाव सावंतांनीही ऐकलेलं नव्हतं. एकशे दहा दिरहमला एक. "म्हणजे आपले अडीच हजार," सावंत आणि मी एकदमच म्हणालो. त्यांनी एक रिळ हातात घेतलं, ब्रेक ओढला, कानाला लावलं. मग डाव्या हातात मूठ धरली आणि फिरवायला गेले तर हात अडखळला. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे आमका पण डाव्यानंच," ते म्हणाले.

लहानपणापासून उजव्या हाताने दोरा ओढणारा माणूस. शनिवारची सकाळ सोडली तर या देशात त्याचं स्वतःचं असं काही नाही. ते रिळाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरां." आणि शाजीला खोकी बांधायला सांगितली.

त्या 'बरां'पुढे मी आजही उभी आहे. माणसं प्रेमाबद्दल पानंच्या पानं लिहितात. मी एका दुकानात, धुळीने शिंकत, एका शब्दात ते पाहिलं. तेव्हा मात्र मी शाजीला विचारलं, "तेल फुकट देणार ना?"

मग आमच्या हॉलमध्ये सराव सुरू झाला. दोघांनी डायनिंग टेबलच्या कडेला रिळं बांधली, दोरा कॉरिडॉरमध्ये नेला आणि टोकाला पिण्याच्या पाण्याची भरलेली बाटली, ती मोठी, कूलरवर बसते ती. डाव्या हाताने मूठ फिरवून बाटली लिफ्टपासून दारापर्यंत ओढायची. तुम्ही करून बघा. उजव्या हाताच्या माणसाच्या डाव्या हाताचं वर्तुळ गोल येतच नाही. ते अंड्यासारखं येतं. मनगट भरून येतं, खांदा वर चढतो, जीभ बाहेर येते. इक्बालभाई तर घाई झाली की उलटंच फिरवायचे, बाटली जागची हलायची नाही आणि दोऱ्याचा गुंता हातात यायचा. समोरच्या घरातली इजिप्शियन बाई दार उघडून बघायची आणि बाटली सरकली की म्हणायची, "यल्ला, यल्ला," म्हणजे चला, चला.

मी पोहे करता करता बघत होते. पन्नाशीचे दोन बाप्ये, शनिवारची सुट्टी टाकून, माझ्या टेबलाला बांधून घेतल्यासारखे बसलेले. हसावं की पाया पडावं कळत नव्हतं. मेंदू नावाची काय वस्तू असेल. एका माणसाच्या डोक्यात एक नस बंद होते आणि तीन माणसांचे हात नव्याने शाळेत जातात.

सतीश सोफ्यावर बसून होता. पहिल्या शनिवारी तो काही बोलला नाही. त्याचा चेहरा मी ओळखत होते. आपला डाव कुणी तरी खरा मानला की माणूस जसा सापडतो, तसा तो सापडला होता. दुसऱ्या शनिवारी इक्बालभाईंनी पुन्हा उलटं फिरवलं. आणि सोफ्यावरून आवाज आला, "उलट."

"काय?"

"उलट फिरवतोस." मग तो उठला, पाय ओढत टेबलापाशी आला, खुर्ची ओढून बसला आणि डाव्या हाताने मूठ धरली. त्याचा हात गोल फिरला. चार महिने तोच हात जेवत होता, दात घासत होता, शर्टाची बटणं लावत होता. बाटली लिफ्टकडून सरळ चालत आली. त्या खोलीत तो सगळ्यांत चांगला होता.

नोव्हेंबरात ते निघाले. माझ्यासकट, कारण त्याला एकट्याला पाठवायची माझी छाती नव्हती. "बोटीत माणूस आहे तर नंबर आहे," इक्बालभाई म्हणाले, आणि मला चौथा नंबर दिला. मी म्हटलं, मला गळ म्हणजे गळा वाटतो अजून. ते म्हणाले, "चालेल."

समुद्राबद्दल मला लिहिता येत नाही. जे येतं ते सांगते. हमरियाच्या बंदरातून निघालं की आधी कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, मग नांगरलेली मोठी जहाजं, ज्यांच्या शेजारून जाताना आपण मुंगी आहोत हे न सांगता कळतं. सूर्य आपल्या पाठीमागे, जमिनीवरून उगवतो. म्हणजे आपलं शहर, आपली घरं, आपली ऑफिसं सगळी काळी होतात आणि समोरचं पाणी उजळतं. आणि मग पाणकावळे. काळे, पाण्याला लागून उडणारे, एकामागे एक, एका ओळीत. मला वाटलं आता संपेल, आता संपेल. ती ओळ संपलीच नाही. मी मान वळवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं, आणि दोन्ही टोकं धुक्यात. माझ्या तोंडून शब्द गेला तो "अगं आई" एवढाच. कुणी हसलं नाही. इतकी वर्षं ही माणसं दर शनिवारी हे बघून संध्याकाळी घरी येत होती आणि मी विचारत होते, किती मिळाले?

पहिल्या शनिवारी इक्बालभाईंचा नंबर. रिळ करकरलं, ते धावले आणि अर्थातच उलटं फिरवलं. मासा गेला. ते बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. पुढच्या खेपेला सावंतांचा नंबर, आणि त्यांनी जीभ बाहेर काढून, अंड्यासारखी वर्तुळं काढत एक सुरमई वर आणली. मग सतीशचा नंबर आला. आणि तिथेच थांबला.

मासा लागेपर्यंत नंबर पुढे जात नाही. शनिवारमागून शनिवार गेले. कधी वारा, कधी लाटा, कधी नुसतंच निळं शांत पाणी आणि चार दोरे. कुणीही म्हटलं नाही की नंबर पुढे ढकलू या. सतीश मागच्या बाकावर, रिळांच्या जवळ, लाइफ जॅकेट घालून बसायचा. विचारलं तर "ठीक". डबा दिला तर "थँक यू". मला वाटायला लागलं, देवा, हे काय मांडून ठेवलंस. नुसतं बसायचंच होतं तर पुणं काय वाईट होतं. मी मनातल्या मनात सुरमईला नवस बोलले. शाकाहारी माहेरची बाई मी, मासा लाग म्हणून माशालाच नवस.

जानेवारीतली ती सकाळ. आदल्या दिवशीचा उत्तरेचा वारा पडला होता आणि पाणी इतकं स्वच्छ होतं की बोटीची सावली खाली वाळूवर पडेल असं वाटावं. मी थर्मासमधून चहा ओतत होते. डावीकडच्या लांबच्या रॉडचं टोक एकदा वाकलं, सरळ झालं, आणि मग रिळ असं ओरडलं की चहा माझ्या पायावर सांडला.

सतीश उठला होता. सावंत आणि इक्बालभाई बाकीच्या तीन दोऱ्यांवर तुटून पडले, डाव्या हातांनी, एक शब्द न बोलता. सतीशने ब्रेकवर अंगठा ठेवला. दोरा जात होता, जात होता, रिळाचा तळ दिसायला लागला. मग थांबला. त्याने मूठ धरली आणि फिरवायला सुरुवात केली. रॉड खोबणीतच उभा, त्याचा उजवा हात बाजूला लटकलेला, आणि डावा हात गोल, गोल, गोल. मासा पुन्हा पळाला. त्याने पळू दिलं. पुन्हा फिरवलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, ओठ आवळलेले.

मग मासा बोटीखालून उजवीकडे गेला. दोरा इंजिनाच्या पात्याकडे घासायला निघाला. आता रॉड खोबणीतून उचलून, मागून फिरवून, पलीकडे न्यायला हवा होता. त्याला दोन हात लागतात. सावंतांचे हात अर्ध्यात उचललेले होते, पण त्यांनी पुढे पाऊल टाकलं नाही. इक्बालभाई इंजिन बंद करून जागच्या जागी उभे. नियम म्हणजे नियम. सतीशने एकदा आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"इकडे ये," तो म्हणाला. "रॉड धर. मी फिरवतो. टोक वर ठेव."

मी धरला. आयुष्यात पहिल्यांदा. तो रॉड जिवंत होता. माझ्या तळव्यांतून, कोपरांतून, दातांतून कुणी तरी खेचत होतं, ज्याला माझी ओळख नव्हती, ज्याला फक्त जायचं होतं. आम्ही दोघं तशीच, तो माझ्या उजव्या बाजूला चिकटून, त्याचा डावा हात माझ्या हातांपुढे, एक एक पाऊल टाकत पलीकडे गेलो. दोरा सुटा झाला. सतीश फिरवत राहिला. "वर," तो म्हणत होता. "वर. वर."

आणि मग ती आली. आमच्या पायांशी, हातभर पाण्याखाली. पाठ निळी, पण असा निळा मी कुठल्या कापडावर पाहिलेला नाही. पोट चांदीचं, आणि अंगावर उभे बारीक पट्टे, ऊन लागलं की पेटणारे आणि विझणारे. माझ्यापेक्षा थोडीच आखूड. ती एका कुशीवर वळली आणि तिचा गोल, काळा डोळा मला दिसला. इतकी वर्षं मी हिचे तुकडे धुतले, मीठ-हळद लावली, तव्यावर टाकले. ही अशी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बघत राहिले. सगळं विसरून नुसती बघत राहिले, आणि बघता बघता माझे हात खाली आले. रॉडचं टोक खाली गेलं. दोरा ढिला पडला. तिने एकदाच मान झटकली. गळ सुटून वर उडाला आणि ती गेली. पळालीसुद्धा नाही. सावकाश, खाली खाली, निळ्यात निळी होत गेली.

सावंतांच्या हातात मासा ओढायचा आकडा तसाच. मला सतीशकडे बघायचा धीर होईना. एवढे महिने, एवढी माणसं, आणि मी काय केलं. आता तो म्हणेल, ठीक. म्हणेल, थँक यू. म्हणाला तर मी पाण्यात उडी टाकीन, असं मला वाटलं, खरंच वाटलं.

"अगो," सतीश म्हणाला.

मी वर बघितलं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"अगो, दोरो ढिलो कित्याक केलंस? टोक वर ठेव, टोक वर ठेव, घसो बसलो माझो सांगान सांगान! बघूक इलंस की मासो धरूक इलंस?"

आणि मग ते सुटलंच. वेंगुर्ल्याच्या बोलीत, अडखळत, एका शब्दावर अडून, त्याला धक्का मारून पुढे जात. रॉड कसा धरतात. कोण असा धरतं. कोरेगावात कोणी मासा बघितलाय का. तिथून तो माझ्या गाडी लावण्यावर गेला, गाडीवरून आमटीतल्या गुळावर, आणि मग ती खारट आमटी, जिला तो छान म्हणाला होता, ती किती भयंकर होती ते त्याने सविस्तर सांगितलं. डावा हात हवेत नाचत होता. इक्बालभाईंनी पाठ फिरवून इंजिन सुरू केलं, पण त्यांचे खांदे हलत होते. सावंत आकडा हातात घेऊन रडत होते, उघडपणे, डोळ्यांना बाही न लावता.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमी काय बोला नकात. बोलांदे तेका."

मी बोलणार नव्हतेच. मी भिजलेल्या पायांनी त्या बाकावर बसले, हात मांडीवर ठेवून, एक एक शब्द ऐकत. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याचं बोलणं मी मध्येच न तोडता पहिल्यांदाच ऐकलं. हमरियाच्या बंदराची भिंत दिसेपर्यंत तो मला बोलत होता.